मादी बदलली की मका किती बदलतो?

देऊळगाव राजाकडच्या एका तरुण बीजोत्पादकाचा प्रश्न असा: त्याच्याकडे मक्याच्या दोन इनब्रेड ओळी (पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागाने स्थिर केलेल्या) आहेत. त्यांना आपण अ आणि ब म्हणू. रब्बीत त्याने अ मादी आणि ब नर धरून एक संकर केला, शेजारच्या तुकड्यात त्याच्या उलट. खरिपात दोन्ही बाजूबाजूला पेरले, तर अ×ब जोमाने वर आला, तुराही आधी टाकला आणि कणसं जास्त भरली. दोन्हींत जनुकं तीच असताना हा सायटोप्लाझमचा, म्हणजे पेशीद्रव्याचा परिणाम समजायचा का? मादी ठरवताना त्याला किती वजन द्यायचं? आणि ज्वारी-बाजरीसारखी नरवंध्य, म्हणजे सुपीक पराग न देणारी मादी मक्यात घेऊन तुरे काढायची मजुरी का वाचवत नाहीत?

माझी उभी नोकरी मक्याच्या पैदाशीत गेली, बहुतेक बुलढाणा-अकोल्याच्या पट्ट्यात. तुम्ही पाहिलेल्या फरकातला मोठा वाटा माझ्या मते बियाण्याचा आहे, पेशीद्रव्याचा नाही. पेशीद्रव्याचा परिणाम खरा असतो, पण उत्पादनावर तो सहसा लहान असतो आणि समोर केंद्रक कुणाचं आहे यावर तो ठरतो. दोन-तीन बाबतींत मात्र तो इतका मोठा होतो की अख्खं पीक बसू शकतं. आपल्याकडचे जुने शेतकरी म्हणतात, "माय बदलली तं लेकरू बदलतेच ना भाऊ!" ते बरोबरच आहे, पण आईकडून लेकराला काय काय येतं ते आधी वेगवेगळं करायला हवं.

पेशीद्रव्यातून वारशाने चालणाऱ्या गोष्टी दोन: मायटोकॉन्ड्रिया आणि हरितलवक. दोघांचा आपापला डीएनए असतो. मक्याच्या केंद्रकात साधारण २३० कोटी अक्षरांचा डीएनए आहे. हरितलवकात तो १ लाख ४० हजार अक्षरांचा, आणि नेहमीच्या मक्याच्या मायटोकॉन्ड्रियात ५ लाख ७० हजारांच्या आसपास. त्या मायटोकॉन्ड्रियात ओळखता आलेली जनुकं साठाच्या आतच आहेत. परागातून येणारी शुक्रपेशी मक्यात केंद्रक देते. मायटोकॉन्ड्रिया आणि हरितलवक मात्र अंडपेशीचेच पुढे चालतात. अशा आईकडच्या वारशाचा पुरावा प्रथम मिळाला तो आपल्या अंगणातल्या गुलबक्षीत. १९०९ मध्ये कार्ल कोरेन्स यांनी तिच्या चट्ट्यापट्ट्याच्या फांद्यांवर संकर करून दाखवलं की रोप हिरवं, पांढरं की पट्ट्यांचं होणार हे फूल कोणत्या फांदीवरचं आहे त्यावर ठरतं, पराग कुठला हे महत्त्वाचं नाही.

मायटोकॉन्ड्रियाला लागणारी बहुतेक प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात, थोडीच त्याच्या स्वतःच्या जनुकांवरून. श्वसनाच्या साखळीत दोन्हीकडचे भाग एकमेकांत बसावे लागतात. म्हणून "अमुक पेशीद्रव्य चांगलं, तमुक वाईट" असं सुटं विधान मी करत नाही. एका केंद्रकाबरोबर चांगलं वागणारं पेशीद्रव्य दुसऱ्याबरोबर नडतं. मक्याचा रानटी नातेवाईक टिओसिंटे. त्याच्या काही प्रजातींच्या पेशीद्रव्यात मक्याचं केंद्रक आणलं की काही जोड्यांत झाडं खुजी, बारीक राहतात. तेच पेशीद्रव्य टिओसिंटेच्या स्वतःच्या केंद्रकाबरोबर ठणठणीत असतं.

आता तुमचा प्लॉट. मक्याच्या दाण्याची वरची साल पूर्ण आईची असते, बापाचा तिच्यात काडीचाही भाग नाही. आतल्या पिठूळ भागात गुणसूत्रांचे तीन संच असतात, दोन आईचे आणि एक बापाचा. कोंब तेवढा निम्मा-निम्मा. दाणा किती मोठा भरणार हे आईच्या झाडाची पानं, तिचं कणीस आणि तिला मिळालेलं पाणी ठरवतात. इनब्रेड ओळी मुळातच कमजोर असतात आणि त्यांच्यात फरकही फार, एखादीचा दाणा टपोरा तर एखादीचा गुळगुळीत पण बारका. त्यात एका तुकड्याची कणसं वेळेवर तोडून सावलीत वाळली आणि दुसऱ्याची ढिगात दमट राहिली, तर उगवणीत आणखी फरक पडतो. खरिपात पेरणीनंतर एक जोराचा पाऊस येऊन काळ्या रानावर पापडी धरली की टपोऱ्या दाण्याचा कोंब ती फोडून वर येतो, बारका आतच वाकतो. जे आधी वर आलं ते आधी तुऱ्यावर येतं. जिथे रोपांची संख्या भरली तिथे उत्पादनही भरतं. एवढ्याने तुमची तिन्ही निरीक्षणं समजावता येतात, पेशीद्रव्य मध्ये आणावं लागत नाही. पैदासकार याला मातृप्रभाव म्हणतात. खऱ्या पेशीद्रव्य-वारशाशी त्याची गल्लत करू नका, कारण मातृप्रभाव एका पिढीत विरतो आणि पेशीद्रव्याचा गुण आईच्या बाजूने पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

म्हणून मी आधी तुम्हालाच विचारीन: दोन्ही बियाण्यांच्या १०० दाण्यांचं वजन घेतलं होतं का? पेरताना दाणा चाळून एकाच आकाराचा घेतला होता का? विरळणी करून रोपांची संख्या सारखी केली होती का? यातलं काही राहिलं असेल तर त्या तुलनेवरून मादी ठरवू नका.

खरी तपासणी साधी आहे, फक्त एक हंगाम जास्त जातो. अ×ब आणि ब×अ या दोन्ही संकरांची झाडं मादी म्हणून घ्या. दोन्हींवर एकाच तिसऱ्या ओळीचा पराग हाताने टाका. मिशा बाहेर पडण्याआधी कणसाला पिशवी, तुऱ्याला पिशवी, नेहमीची पद्धत. आता दोन्ही माता केंद्रकाच्या हिशोबाने सारख्या आणि सारख्याच जोमाच्या, त्यामुळे दाणाही सारखाच भरतो. भरपूर कणसांचं बी मिसळून घ्या, नाहीतर एखाद्या कणसाचा योगायोग मध्ये येतो. या दोन बियाण्यांपासून येणाऱ्या पिकात जो सातत्याचा फरक दिसेल तो पेशीद्रव्याच्या खात्यावर घालता येतो. संशोधन केंद्रावर यापुढची पायरी असते. एका पेशीद्रव्यात दुसऱ्या ओळीचं केंद्रक सतत उलट-संकर करून, म्हणजे दर पिढीत त्याच ओळीचा पराग टाकून, आणायचं. सहा वेळा केलं की केंद्रक ९९ टक्क्यांच्या वर बदलतं, आणि मग खरोखर फक्त पेशीद्रव्यच वेगळं असलेल्या जुळ्या ओळी हातात येतात. जेरी केर्मिकल यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेलं आयजी-१ नावाचं एक उत्परिवर्तन आहे. त्याच्या मादीवर हवा तो पराग टाकला तर शंभरात एखाद-दोन दाण्यांत केंद्रक फक्त बापाचं आणि पेशीद्रव्य आईचं असं थेट मिळतं, मग गुणसूत्रं दुप्पट केली की झालं. त्यासाठी हात आणि डोळा फार तयार लागतो.

अशा जुळ्या ओळींच्या चाचण्यांत झाडाची उंची, फुलोऱ्याचे दिवस, काढणीच्या वेळचा दाण्यातला ओलावा यांत फरक सापडतात. उत्पादनातही सापडतात, पण ते लहान असतात आणि हंगाम किंवा जागा बदलली की बऱ्याचदा उलटतात. आपल्याकडच्या खरीप चाचणीत प्लॉट-प्लॉटचा चढउतारच सहज दहा-बारा टक्के असतो. त्यात तीन-चार टक्क्यांचा फरक पकडायचा तर पुनरावृत्त्या भरपूर लागतात आणि दोन-तीन ठिकाणं लागतात: अकोल्याकडचं भारी काळं रान वेगळं, चिखली-बुलढाण्याचं वरचं हलकं रान वेगळं. डायलेल करताना, म्हणजे अनेक ओळींचे आपसांत सगळे संकर करून पाहताना, मादी-नर अदलाबदल केलेले उलटे संकर घालायचे की नाही हा नेहमीचा वाद. सुरुवातीला शेकडो जोड्या चाळताना मी ते घालत नाही, जमीन आणि मजुरी दोन्ही वाया जातात. शेवटी उरलेल्या मोजक्या संकरांत मात्र जरूर घालतो. तेव्हा बियाण्याचं वजन, उगवण आणि उत्पादन एकत्र वाचता येतं.

पेशीद्रव्याचा सगळ्यात मोठा, कुणालाही दिसणारा परिणाम म्हणजे नरवंध्यत्व. मार्कस रोड्स यांनी १९३१ मध्ये पेरूकडच्या मक्यात ते दाखवलं. नराकडून गुणसूत्रं कितीही बदलली तरी आईकडून आलेली वंध्यता सुटत नव्हती. पुढे तीन प्रमुख प्रकार वेगळे झाले: टेक्सासचा टी, अमेरिकी कृषी खात्याचा एस आणि ब्राझीलच्या चारुआ मक्यातला सी. टी प्रकारात परत सुपीक पराग हवा तर केंद्रकात आरएफ-१ आणि आरएफ-२ ही दोन जनुकं लागतात. एसमध्ये आरएफ-३ लागतं आणि ते परागकणाच्या पातळीवर काम करतं, म्हणून संकरात निम्मा पराग मरतो, निम्मा चालतो. सीमध्ये मुख्य आरएफ-४, पण आणखी जनुकांची ढवळाढवळ असते.

टी इतका सोयीचा होता की १९६० च्या दशकात अमेरिकी बियाणं उद्योग त्याच्यावरच विसंबला. तुरे काढायला मुलं लावायची गरज उरली नाही. १९७० पर्यंत तिथला सुमारे ८५ टक्के संकरित मका टी पेशीद्रव्यावर होता. त्या वर्षी मेडिस करपा हा पानांचा रोग आला. बुरशी तीच, बायपोलॅरिस मेडिस, पण तिची टी नावाची नवी जात. देशाचा जवळपास १५ टक्के मका गेला. टी पेशीद्रव्यावर करपा जास्त पडतो हे फिलिपिन्समध्ये १९६१ मध्येच नोंदवलं गेलं होतं, तरी क्षेत्र वाढतच राहिलं.

करपा आणि वंध्यता यांचा संबंध पुढे १९८० च्या दशकात उलगडला. टी मायटोकॉन्ड्रियात टी-यूआरएफ-१३ नावाचं एक जनुक आहे. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तुटून-जोडून, तिथल्याच दुसऱ्या एका जनुकाच्या तुकड्यांतून ते तयार झालेलं. त्याचं प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात बसतं. तुऱ्यातल्या परागकोशाला ते नडतं, म्हणून वंध्यता. बुरशीचं विष त्याच प्रथिनाला चिकटलं की पडद्याला भोकं पडतात, मायटोकॉन्ड्रिया फुगून निकामी होतो आणि पान करपतं. आपल्याकडे कापसावर एकेकाळी भरपूर मारलेलं मिथोमिलही टी पेशीद्रव्याला असंच भाजतं, साध्या मक्याला नाही. बुरशीचं विष आणि अळीचं औषध एकाच ठिकाणी येऊन बसावं, याचं मला अजूनही नवल वाटतं. आणि हे ध्यानात ठेवा: पुनःस्थापक, म्हणजे पराग परत सुपीक करणारी आरएफ जनुकं घालून टी मक्याचा पराग सुपीक केला तरी करप्याची दारं उघडीच राहतात. वंध्यता झाकता येते, पेशीद्रव्य बदलत नाही.

मग मजुरी वाचवायला एस किंवा सी का नको? त्या करपा जातीला ते दोन्ही बळी पडत नाहीत. पण एस प्रकार काही ओळींत आपोआप सुपीक होतो. बीजोत्पादनात मादीच्या ओळीत चार तुरे पराग टाकू लागले तर संकरात स्वपरागाचं बी शिरतं. सी जास्त भरवशाचा आहे, चीनमध्ये तो वापरात आहे. पण त्याच्यातही काही ओळींत तुरा उशिरा अर्धवट सुपीक होतो आणि तो हवामानाप्रमाणे कमीजास्त होतो. त्यात तुमच्या मादीची नरवंध्य ए ओळ, तिची वंध्यता पुढे चालवायला पराग देणारी बी ओळ आणि पुनःस्थापक नर अशी तिन्ही तयारी लागते. पुनःस्थापक नसलेल्या नराबरोबर केलेला संकर शेतकऱ्याच्या शेतात पराग टाकणार नाही. कणसं रिकामी राहतील, नाहीतर तुरे काढून केलेलं बी त्यात मिसळून द्यावं लागेल. एका जोडीसाठी ही सगळी यंत्रणा उभी करणं लहान उत्पादकाला परवडत नाही.

ज्वारीत ही यंत्रणा लागलीच, कारण तिचं फूल द्विलिंगी. कणसातल्या हजारो फुलांचे नर भाग चिमट्याने काढणं शक्य नाही. म्हणून १९६४ चा सीएसएच-१ नरवंध्य मादीवर उभा राहिला आणि विदर्भाच्या ज्वारीचं चित्र बदललं. मक्याचा तुरा वर, कणीस खाली. १९६१ मध्ये आपल्या देशात गंगा-१, गंगा-१०१, रणजित आणि डेक्कन हे पहिले संकर आले तेव्हापासून तुरा उपटायची पद्धत चालू आहे. रब्बीच्या प्लॉटात ऐन संक्रांतीलाही मजूर लावावे लागतात, मान्य. पण तुरा पानाच्या पोंग्यातून डोकावताच काढला आणि सोबत वरची दोन-तीन पानं गेली नाहीत, तर मादीचं नुकसान होत नाही. पानं गेली की दाण्याचं वजन हमखास उतरतं, आणि तेच बारकं बी पुढच्या खरिपात "पेशीद्रव्य खराब" म्हणून बदनाम होतं.

वंध्य पेशीद्रव्याची एक चांगली बाजूही आहे. पराग बनवण्याचा खर्च वाचल्यामुळे दाट लागवडीत किंवा पाण्याच्या ताणात काही वंध्य संकर सुपीक जुळ्यापेक्षा जास्त दाणा देतात. स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगांत वंध्य संकरात दुसऱ्या वाणाचा पराग देणारी झाडं मिसळली, तेव्हा काही जोड्यांत दहा टक्क्यांच्या आसपास वाढ मिळाली. पण "काही जोड्यांत" हे शब्द सोडू नका. टी पेशीद्रव्यातली झाडं उलट किंचित बुटकी आढळली आहेत.

पेशीद्रव्याचा आणखी एक गुण आपल्या भागात हटकून चुकीचा वाचला जातो: पानांवरचे फिकट पट्टे. मक्यात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तुटून तयार झालेली एनसीएस नावाची (गुणसूत्राबाहेरची पट्टेरी) उत्परिवर्तनं आहेत. पट्टेरी पान, खुरटी वाढ, कणसात न भरलेले दाणे, आणि हे सगळं फक्त आईकडून. आयोजॅप हे दुसरं उत्परिवर्तन त्याहून मजेशीर. केंद्रकातलं एक जनुक हरितलवक बिघडवतं, आणि एकदा बिघडलेले हरितलवक मग ते जनुक नसतानाही आईकडून पुढे चालतात. मार्कस रोड्स यांनीच १९४३ मध्ये हे दाखवलं. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात मात्र पट्टे दिसले की बहुतेक वेळा ती जस्ताची कमतरता असते. कोवळ्या पानाच्या बुडाशी पांढुरका पट्टा येतो, शेतात ठिकठिकाणी झाडांचे पुंजके तसे दिसतात आणि अर्धा टक्का झिंक सल्फेट चुन्याच्या निवळीसोबत फवारलं की नवी पानं सुधारतात. एखाददुसरं झाड, आडवेतिडवे पट्टे, फवारणीला दाद नाही, असं दिसलं तर त्या झाडाचं कणीस मादी ओळीत कधीही ठेवू नका.

ओळी सुधारणारे लोक पेशीद्रव्याबाबत निष्काळजी राहतात ती जागा वेगळीच आहे. चांगल्या ओळीत एखादं जनुक आणायचं असतं, समजा अ-जीवनसत्त्वाचं, जसं २०१७ च्या पुसा विवेक क्यूपीएम-९ इम्प्रूव्हड या मक्याच्या संकरात केलं. पहिल्या संकरात दाता ओळ मादी धरली आणि पुढे प्रत्येक वेळी संकरच मादी ठेवला, तर सहा पिढ्यांनी केंद्रक तुमच्या ओळीचं होतं आणि पेशीद्रव्य दात्याचंच राहतं. त्या पेशीद्रव्याबद्दल कुणालाच काही माहिती नसते. मध्ये एकदा जरी आपली मूळ ओळ मादी धरली तरी हा प्रश्न मिटतो. दुहेरी-अगुणित पद्धतीतही तसंच; तिच्यात गुणसूत्रांचा एकच संच असलेलं रोप काढून तो संच दुप्पट करतात आणि ओळ लगेच स्थिर होते. कर्नाटकात कुणिगलला २०२१ मध्ये त्यासाठी केंद्र सुरू झालं. तिथल्यासारख्या पद्धतीत अ×ब वर प्रेरक नर (ज्याच्या परागाने फक्त आईचाच संच असलेले काही दाणे येतात) टाकून काढलेल्या सगळ्या ओळींत पेशीद्रव्य अ चंच असतं. म्हणून नोंदवहीत मादी आधी, नर नंतर, हा क्रम कधीही उलटू देऊ नये. वीस वर्षांनी तेवढाच धागा हातात राहतो.

तुमच्या जोडीत मादी कोणती? जिचं बी एकरी जास्त पिकतं, दाणा मध्यम-टपोरा, ताट न लोळणारं, मिशा वेळेवर बाहेर येणाऱ्या आणि तुरा एका झटक्यात निघणारा, ती. नर असा की जो मादीच्या मिशांबरोबर भरपूर पराग टाकेल. या कसोट्यांवर अ आणि ब सारख्या निघाल्या तरच पेशीद्रव्याचा विचार करा. या रब्बीत दोन्ही संकरांचं शिल्लक बी चाळून एकाच आकाराचं घ्या, १०० दाण्यांचं वजन लिहून ठेवा, दोन वेगळ्या रानांत निदान चार-पाच पुनरावृत्त्यांनी पेरा, आणि त्याच प्लॉटात तिसऱ्या ओळीचा पराग टाकून वर सांगितलेला संकर करून घ्या. तुरे काढायला मजूर मात्र या वर्षीही सांगून ठेवा.